जुनी स्कूटर ओळखताना

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी स्कूटर कित्येक वर्षे उभी आहे. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिला भंगारात काढायचे ठरले. वजनाला किती भरेल, एवढाच प्रश्न उरला होता. पण जी वस्तू द्यायची ती कोणती, हे तरी कळावे, म्हणून मी गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना बोलावले.

काकांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "रंग दहादा बदलतो. आधी चाक बघ." चाक 8 इंची असले तर बजाज 150 किंवा सुपर, 10 इंची असले तर चेतक. मग इंजिन. ते मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला असले तर व्हेस्पाच्या घराण्यातली, मधोमध असले तर लॅम्ब्रेटाची. शेवटी चौकटीवरचा चासी नंबर आणि केसिंगवरचा इंजिन नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहायचे.

हे घराणे इटलीचे. पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर बजाज आपल्याकडे व्हेस्पा बनवी. तो करार 1971 साली संपला आणि 1972 साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. आमची चाके 10 इंची निघाली.

आता तिच्या धुराविषयी. पुढे चार स्ट्रोकची चेतकही निघाली. आमची मात्र दोन स्ट्रोकची. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की एक स्फोट. व्हॉल्व्ह नाहीत, वंगणाची वेगळी टाकी नाही. पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जाते, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे: लिटरला सुमारे 20 मिलिलिटर. होडीच्या मागे अडकवायच्या जुन्या मोटारींतही बहुधा हीच रचना असे, कारण ती हलकी आणि सुटसुटीत. पण जळालेला वायू बाहेर पडताना थोडे ताजे मिश्रणही त्याच्याबरोबर निसटते, आणि ऑइलही जळते. म्हणजे जो साधेपणा तिचा गुण, तोच तिचा दोष. शहराची हवा राखायची तर अशा इंजिनांना मागे सरणे भागच होते.

बजाजने 2009 साली स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. 2020 साली चेतक हे नाव परत आले, पण विजेवर, चाकणच्या कारखान्यातून. तिला किक नाही, धूर नाही.

आमच्या स्कूटरचे दोन्ही नंबर आजोबांच्या आर. सी. बुकाशी तंतोतंत जुळले. काकांनी ते खडूने भिंतीवर लिहिले. वडील बराच वेळ ते आकडे पाहत उभे राहिले. भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे. स्कूटर अजून शेडमध्येच आहे. ती रस्त्यावर धावेल असे मला वाटत नाही. पण आता आम्ही तिला 'ते लोखंड' म्हणत नाही.