घाम न येणारी माणसं

सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल चार्ल्स डार्विनने १८७५ साली लिहिलं आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात मोजकेच, केस विरळ, उन्हाळ्यात कातडी कोरडीठाक. लेकी धडधाकट, पण नातवांत पुन्हा तेच! गुणसूत्रं ठाऊक नसताना त्याने हे टिपलं, याचं कौतुक वाटतं.

आजाराचं नाव जिभेला जडच: हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. बहुतेकदा दोष एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकात असतो. त्याच्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर गर्भात केस, दात, घामाच्या ग्रंथी घडतात. इशाराच नसेल तर दात सुळ्यांसारखे टोकदार उगवतात. खरा धोका घाम नसण्याचा. तान्ह्याचं अंग तापतं, जंतुसंसर्ग सापडत नाही. अशा वेळी ओलं फडकं, पंखा आणि सावली यांचाच आधार.