साठ दिवसांचा तट

इस्तंबूलला जाणारा मराठी माणूस आया सोफिया पाहतो, निळी मशीद पाहतो, बाजारात दिव्यांची घासाघीस करतो आणि परततो. मी मात्र ट्राम पकडून पश्चिमेला गेलो. तीस वर्षं गडकोट पालथे घातल्यावर घुमटापेक्षा तट जवळचा वाटू लागतो.

इतिहास उरकून घेतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बायझेंटियम या इथल्या जुन्या ग्रीक नगराची राजधानी केली. 11 मे 330 ला तिच्या उद्घाटनाचा सोहळा झाला. तीन बाजूंना पाणी, पश्चिमेला जमीन, म्हणून तिकडे तट. पाऊणशे वर्षांत वस्ती त्याबाहेर गेली. दुसरा थिओडोसियस सम्राट झाला तेव्हा पोरवयाचा होता. कारभार पाहणाऱ्या अँथेमियसने आणखी पश्चिमेला नवा तट घातला. तो 413 मध्ये पुरा झाला.

आता तटाकडे. बाहेरून आत खंदक, मोकळी पट्टी, ठेंगणी बाहेरची भिंत (आपल्या गडांवरची रेवणीच म्हणा ना!), आणि मागे सुमारे 12 मीटर उंच, 5 मीटर जाड मुख्य तट, त्याला 96 बुरूज. ज्यांच्या जमिनी तटात गेल्या त्यांना बुरूज वापरायची मुभा 413 च्या कायद्याने दिली, पण डागडुजी त्यांच्याच गळ्यात. मोबदल्याची ही तऱ्हा मला भारी आवडली.

पण मी खरा अडकलो तो विटांपाशी. पांढरट चुनखडीच्या दगडांमधून ठरावीक अंतरावर विटांचा लाल पट्टा जातो. लांबून ती नक्षी वाटते. पडलेल्या बुरुजापाशी जाऊन तटाचं पोट पाहिलं तेव्हा उमगलं. बाहेर घडीव दगड, आत चुन्यात कालवलेले डबर, आणि विटांचे थर मात्र आरपार गेलेले. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधणारी ती गाठ आहे. चुन्यात विटांचा चुरा आहे. आपले जुने गवंडी त्याला सुरकी म्हणत. मी अर्धा तास तिथेच बसून राहिलो, सोबतचे चहाला निघून गेले.

बांधणी उत्तम, तरी 447 च्या भूकंपात 57 बुरूज कोसळले, आणि त्याच वर्षी अटिलाचे हूण शहराच्या पश्चिमेकडच्या थ्रेसमध्ये घुसले. कॉन्स्टंटाइन नावाच्याच एका अधिकाऱ्याने तट पुन्हा उभा केला, साठ दिवसांत. रथांच्या शर्यतीतले निळे आणि हिरवे गट, एरवी एकमेकांची डोकी फोडणारे, या कामाला जुंपले होते, असं सांगतात. अटिला राजधानीवर चालून आलाच नाही. 1204 मध्ये क्रुसेडवाल्यांच्या हाती शहर पडलं ते समुद्राकडच्या भिंतीवरून. हा तट फोडायला 1453 मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या तोफा लागल्या.

अलीकडे काही भाग नव्याने बांधून काढलाय. गुळगुळीत, सिनेमाच्या सेटसारखा. 1999 च्या भूकंपात हे नवं काम ढासळलं, आतलं जुनं उभं राहिलं.

जाल तेव्हा मेव्हलाना दरवाज्यापाशी थांबा. त्या साठ दिवसांची फुशारकी ग्रीक आणि लॅटिन, दोन्ही भाषांत तिथे कोरलेली आहे. रस्त्यावरचाच दरवाजा आहे, तिकीट लागत नाही.