मागून येणारा डिपर : ऑनलाइन मोटार-शर्यतींतला एक शिष्टाचार

ऑनलाइन मोटार-शर्यतीत मागची गाडी पुढच्या गाडीला हेडलाइट लुकलुकवून दाखवते, म्हणजे रस्त्यावरच्या भाषेत डिपर मारते. खूण अगदी छोटी आहे आणि स्टिअरिंगवरच्या एका बटणाने देता येते. तरीही शर्यत संपल्यावर जे वाद रंगतात, त्यांत तिचा विषय हमखास निघतो. मागच्याला वाटते, आपण सभ्यपणे सूचना दिली होती. पुढच्याला वाटते, आपल्यावर दादागिरी झाली. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण या खुणेचा अर्थ शर्यत कोणती आणि गाड्या कोणत्या यांवर ठरतो. तिचा मूळ अर्थ मात्र एवढाच आहे : मी मागे आहे आणि वेगाने येतो आहे. ‘बाजूला हो’ असा हुकूम त्यात नाही. शिष्टाचाराचे बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

ही प्रथा खेळांनी शोधलेली नाही, ती दीर्घ पल्ल्याच्या खऱ्या शर्यतींतून आली आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना हेडलाइट नसतात. अमेरिकेतल्या नॅसकार गाड्यांवर दिसणारे पुढचे दिवे हे चिकटवलेले चित्र असते. दिव्यांची खरी गरज पडते ती रात्रभर चालणाऱ्या शर्यतीत, आणि तिथेच वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच ट्रॅकवर एकत्र धावतात. फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ पासून होणारी २४ तासांची शर्यत हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तिचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा आहे. सर्वांत वेगवान वर्गाच्या गाड्या तो साधारण साडेतीन मिनिटांत पार करतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या जीटी वर्गाच्या गाड्यांना चार मिनिटांच्या आसपास लागतात. २०२३ मध्ये विजेत्या फेरारीने ३४२ फेऱ्या पूर्ण केल्या, तर जीटी वर्गातली विजेती कॉर्व्हेट ३१३ फेऱ्यांवर होती. म्हणजे आपल्या वर्गात पहिल्या आलेल्या गाडीलाही फेरारीने त्या एका दिवसरात्रीत २९ फेऱ्यांनी मागे टाकले. वेगवान वर्गात अशा अनेक गाड्या असतात आणि त्यांतली प्रत्येक पुन्हा पुन्हा मागून येते. जीटीच्या चालकाला पुढे जितके पाहावे लागते, जवळजवळ तितकेच आरशातही पाहावे लागते. लुकलुकणारे दिवे त्याचे हे काम हलके करतात.

इथे दिवे आणि निळा झेंडा यांतला फरक समजून घ्यायला हवा. ‘मागून वेगवान गाडी येत आहे’ ही सूचना मार्शल निळा झेंडा दाखवून देतो. फॉर्म्युला वनमध्ये एक फेरी मागे पडलेल्या चालकाला तो दिसला की वाट द्यावीच लागते; टाळाटाळ केली तर दंड होतो. अनेक वर्गांच्या शर्यतीत गोष्ट वेगळी असते. संथ वर्गाचा चालक मागे पडलेला नसतो, तो स्वतःच्या वर्गात कदाचित पहिल्या क्रमांकासाठी झुंजत असतो. म्हणून तिथला रूढ नियम असा की संथ गाडीने ट्रॅकवरून जाण्याची आपली नेहमीची रेषा सोडू नये, मुद्दाम आडवे येऊ नये, आणि सुरक्षितपणे पुढे जाण्याची मुख्य जबाबदारी मागून येणाऱ्याने उचलावी. ऑनलाइन शर्यतींनी हाच नियम घेतला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतीच्या खेळात निळा झेंडा दिसतो तो माहिती म्हणून. दिवे दाखवल्याने या जबाबदारीची वाटणी तसूभरही बदलत नाही.

पडद्यावरच्या शर्यतीत या खुणेचे मोल खऱ्या ट्रॅकपेक्षा जास्त आहे. खऱ्या चालकाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारची गाडी जाणवते आणि इंजिनचा आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळते. एकाच मॉनिटरवर खेळणाऱ्याला जगाचा अरुंद तुकडाच दिसतो. आरसा पडद्याच्या एका कोपऱ्यात आणि कडेचे जवळजवळ काहीच नाही. काही खेळांत शेजारी गाडी असल्याचे सांगणारा आवाज किंवा रडारसारखी खूण असते, पण ती बहुधा गाडी अगदी जवळ आल्यावरच मिळते. दिवे दुरूनच दिसतात. शिवाय खेळाडू निरनिराळ्या देशांचे, त्यांची भाषा एक नाही, आणि पुष्कळ जण शर्यतीत व्हॉइस चॅट बंदच ठेवतात. सगळ्यांना समजेल अशी जवळजवळ एकच खूण उरते, ती दिव्याची.

दुसरे कारण इंटरनेटचे. दुसऱ्या खेळाडूची गाडी आपल्याला दिसते ती किंचित जुन्या माहितीवरून. मधल्या काळात ती कुठे पोचली असेल याचा अंदाज बांधून सॉफ्टवेअर तिचे चित्र काढते. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ६९ मीटर कापते. माहिती पोचायला ०.१५ सेकंद लागले, तर तेवढ्यात ती दहा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीहूनही जास्त. सरळ रस्त्यावर सॉफ्टवेअरचा अंदाज बरोबर ठरतो. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला किंवा दिशा बदलली की तो चुकतो, आणि एकाच्या पडद्यावर अंतर दिसत असताना दुसऱ्याच्या पडद्यावर धडक होते. म्हणून ऑनलाइन शर्यतीत हेतू लवकर कळवण्याला आणि दोघांनीही अंदाज बांधता येईल असे चालवण्याला इतके महत्त्व आहे.

दिवे कधी दाखवावेत, हा या शिष्टाचाराचा गाभा. दोन गाड्यांच्या वेगात ताशी ४० किलोमीटरचा फरक असेल, तर शंभर मीटरचे अंतर नऊ सेकंदांत संपते. सरळ रस्त्यावर, त्या शंभर मीटरच्या आसपास असताना एकदा किंवा दोनदा थोडक्यात दिवे दाखवले, तर पुढच्याला आरशात पाहायला, मागची गाडी कोणत्या वर्गाची ते ओळखायला आणि आपली रेषा पक्की करायला पुरेसा वेळ मिळतो. ऐन वळणाच्या तोंडाशी, पुढचा ब्रेक दाबत असताना दिवे दाखवणे सर्वांत वाईट. त्या क्षणी त्याचे पूर्ण लक्ष ब्रेकवर असते. तो दचकून बाजूला सरकला, तर ज्या मोकळ्या जागेत मागचा शिरणार असतो, नेमक्या तिथेच तो येण्याची शक्यता असते. वळणे सलग येत असतील, तर ती संपेपर्यंत थांबून मग पुढे जाणे वेळेच्या हिशेबातही स्वस्त पडते. दोन-तीन सेकंदांची ही उधारी पुढच्या सरळ भागावर फिटते. तुटलेल्या गाडीची दुरुस्ती त्याहून कितीतरी महाग असते.

दिवे दिसल्यावर संथ गाडीच्या चालकाने काय करावे? बहुतेक वेळा काहीच वेगळे करू नये, आणि नवख्या खेळाडूला हेच पटायला जड जाते. सौजन्य म्हणून तो रेषा सोडतो किंवा मध्येच वेग कमी करतो. मागच्याने त्याच्या नेहमीच्या रेषेचा हिशेब धरून आपली वाट निवडलेली असते, त्यामुळे असे सौजन्यच अपघाताला कारण होते. मदत करायचीच असेल, तर सरळ भागावर आपल्या कडेला स्थिर राहावे आणि ॲक्सिलरेटर किंचित आधी सोडावा. काही जण इंडिकेटर लावून आपण कोणत्या बाजूला राहणार हे सांगतात. जर्मनीतील नुरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या जुन्या वळणावळणाच्या मार्गावर उजवा इंडिकेटर म्हणजे ‘तुला पाहिले आहे, मी उजवीकडेच राहतो, तू डावीकडून जा’. भारतातल्या महामार्गांवर ट्रकचालक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ ‘उजवीकडून जा’ असा असतो. पुण्या-नाशिकचा खेळाडू ही सवय घेऊन नुरबुर्गरिंगच्या सर्व्हरवर गेला, तर तो नेमका चुकीच्या बाजूने घुसेल.

रस्त्यावरच्या सवयींतला हा फरक दिव्यांच्या बाबतीतही आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार वस्तीबाहेर ओव्हरटेक करण्याआधी थोडक्यात दिवे किंवा हॉर्न देऊन तसे कळवण्यास परवानगी आहे. ब्रिटनची ‘हायवे कोड’ ही वाहतूक-नियमावली सांगते, की दिवे फक्त आपले अस्तित्व कळवण्यासाठी लुकलुकवावेत, दुसरा कोणताही निरोप देण्यासाठी किंवा कुणाला धाकात घेण्यासाठी नव्हे. तरीही तिथले कितीतरी चालक ‘आधी तुम्ही जा’ म्हणायला दिवेच दाखवतात. आपल्याकडे समोरून येणाऱ्याने डिपर मारला, तर बहुधा ‘मी येतोय, तू थांब’ असे समजायचे असते. या तिन्ही देशांतली माणसे एकाच शर्यतीत उतरली, तर एकाच दिव्याचे तीन अर्थ होतील. म्हणूनच ब्रिटिश नियमातला अर्थ, केवळ अस्तित्वाची सूचना, शर्यतीच्या खेळासाठी सर्वांत सुरक्षित ठरतो.

खरा वाद आहे तो एकाच वर्गातल्या, एकाच क्रमांकासाठी झुंजणाऱ्या गाड्यांमधल्या दिव्यांचा. इथे पुढच्या चालकावर वाट देण्याचे कोणतेही बंधन नसते. नियमात राहून जागा राखणे हा त्याचा हक्क आहे. अशा वेळी फेरीमागून फेरी दिव्यांचा मारा करण्यातून कोणतीही माहिती मिळत नाही; मागे कोण आहे हे पुढच्याला केव्हाच कळलेले असते. तो शुद्ध मानसिक दबाव असतो, आणि बहुतेक जाणते खेळाडू त्याला असभ्य मानतात. खऱ्या शर्यतींतही व्यावसायिक चालक असा दबाव आणतात, असा बचाव केला जातो. तो खराही आहे. पण व्यावसायिकाच्या मागे संघ, रेडिओ आणि अनेक वर्षांचा सराव असतो. रात्री जेवण उरकून अर्ध्या तासाच्या शर्यतीला बसलेल्या अनोळखी माणसावर तोच दबाव आणण्यात कौशल्य काही दिसत नाही. याला एक अपवाद आहे : सरळ रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींच्या मागच्या कमी झालेल्या हवेच्या रोधाचा फायदा घेत मिळून पुढे सरकत असतील, तर एकदा दाखवलेला दिवा ‘आत्ता भांडू नको, दोघे मिळून पुढच्यांना गाठू’ असेही सांगू शकतो. यासाठी समोरचाही तितकाच जाणता हवा.

काही खेळांत तर हीच खूण अगदी उलट अर्थाने येते. टोकियोच्या द्रुतगती मार्गांवर रात्री चालणाऱ्या शर्यतींवर बेतलेल्या ‘टोकियो एक्स्ट्रीम रेसर’ या जपानी मालिकेत प्रतिस्पर्ध्याच्या मागे जाऊन दिवे लुकलुकवणे म्हणजे त्याला शर्यतीचे आव्हान देणे. २००६ च्या ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’मध्येही रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या खेळाडूला असेच आव्हान देता येई. या खेळांवर वाढलेला खेळाडू दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत आला, की मागून आलेला दिवा त्याला युद्धाची घोषणा वाटतो आणि तो जोर लावून वाट अडवतो. त्यामागे उद्धटपणा असेलच असे नाही, त्याला दिव्यांची दुसरी बोली शिकवली गेलेली असते.

रात्रीच्या शर्यतीत आणखी संयम हवा. अंधारात मागच्या गाडीचे दिवे तसेही सतत दिसत असतात, आणि प्रखर झोत आरशात पुन्हा पुन्हा आला तर पुढच्याला ब्रेक दाबण्याच्या खुणा दिसेनाशा होतात. काही गाड्यांत एकदा बटण दाबले की दिवे आपोआप अनेकदा लुकलुकतात. तशी सोय असेल, तर ती एकदाच वापरलेली बरी. नुरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत शंभराहून जास्त गाड्या धावतात. तिथे सर्वांत वेगवान गाड्यांच्या पुढच्या काचेमागे निळा लुकलुकणारा दिवा बसवतात. मागून कोण येते आहे ते संथ गाडीला दुरूनच कळते, आणि हेडलाइटचा मारा करण्याची गरज कमी होते.

खऱ्या आणि आभासी शर्यतींचे हे नाते एकदा ठळकपणे दिसले. २०२० च्या जूनमध्ये कोरोनामुळे ल मान्सची खरी शर्यत पुढे ढकलली गेली, तेव्हा त्याच शनिवार-रविवारी आरफॅक्टर २ या खेळावर २४ तासांची आभासी शर्यत झाली. ५० गाड्या आणि २०० चालक होते. फर्नांडो अलोन्सो, मॅक्स व्हर्स्टापेन यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे चालक आणि घरी बसून खेळणारे निष्णात सिम-रेसर असे दोघेही त्यात उतरले होते. गाड्यांचे वर्ग दोन होते, त्यामुळे मागून येणे आणि वाट काढणे २४ तास चालूच होते.

शर्यतीनंतर तक्रार झालीच, तर शर्यत भरवणाऱ्या लीगचे पंच रिप्ले पाहतात. वळणाच्या तोंडाशी कोणाची गाडी किती पुढे होती, कोणी रेषा बदलली, कोणी ब्रेक उशिरा दाबला, हे ते तपासतात. आयरेसिंगमध्ये तर चूक कोणाचीही असो, धडकेचे दंडगुण दोघांच्याही खात्यात मांडले जातात आणि दोघांचेही सुरक्षा-मानांकन घसरते. ‘मी दिवे दाखवले होते’ हा बचाव कुठेच चालत नाही. दिवे दाखवूनही पुढचा हलला नसेल, तर मागच्याने ब्रेक दाबायला हवा होता, हाच निकाल लागतो.