जुन्या ट्रॅक्टरास तेल कोणतें घालावें ?

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसानें भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. त्या ओढणारे ट्रॅक्टर पुष्कळदां जुने, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेले असतात. इंजिनांतील तेलाविषयीं मालक दक्ष असतो. परंतु आसनाखालच्या मोठ्या पेटींत, जेथें गिअर, डिफरन्शियल व कित्येक ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंपहि असतो, तेथें ‘नव्वद नंबर घाला’ एवढ्या एका वाक्यावर काम भागविलें जातें. या पेटींतील तेलाविषयीं शेतकरी बंधूंस चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण येथें झालेली चूक प्रथम उतारावर कळते, आणि तेव्हां मागें कित्येक टनांचा ऊस असतो.

तेलाचें काम यंत्र निसरडें ठेवण्याचें, ही समजूत अर्धीच खरी आहे. अलीकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत ब्रेकच्या तबकड्या तेलांतच बुडालेल्या असतात. यांस आपल्याकडे ‘ऑइल ब्रेक’ म्हणतात. पाय दाबला कीं या तबकड्या एकमेकींस घट्ट धरतात व चाक थांबतें. म्हणजे एकाच तेलानें गिअरच्या दात्यांवर घसरावें आणि तबकड्यांवर धरावें, अशी दुहेरी अपेक्षा असते. ती पुरी व्हावी म्हणून त्यांत घर्षण नियमित करणारीं रसायनें मोजून घातलेलीं असतात. साधें गिअर तेल घातल्यास दात्यांस त्याची बाधा होणार नाहीं. परंतु ब्रेक दाबतांच घरघर होते, धक्के बसतात, तबकड्यांचें अस्तर गुळगुळीत होऊन पकड कमी होते. मग मिस्त्री ब्रेक आवळून देतो, चार दिवस बरे जातात, आणि दोष तसाच राहतो.

हा प्रश्न मोटारगाड्यांत फार पूर्वीं उभा राहिला होता. जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ मध्यें ओल्डस्मोबील गाडींत ‘हायड्रामॅटिक’ ही आपोआप गिअर बदलणारी योजना आणली, व तिच्यासारख्या योजनांकरितां १९४९ मध्यें ‘टाइप ए’ हें तेलाचें प्रमाण ठरविलें. घर्षण मऊ राहावें म्हणून त्या काळीं अशा तेलांत देवमाशाचें तेल मिसळीत. अमेरिकेंत १९७३ च्या कायद्यानें त्या प्राण्यास संरक्षण मिळाल्यावर दुसरीं रसायनें योजावीं लागलीं. पुढें फोर्डचें ‘टाइप एफ’ हें घट्ट धरणारें, तर जनरल मोटर्सचें ‘डेक्स्रॉन’ हें हळुवार धरणारें, असे भेद झाले. दोन्ही तेलें लाल रंगाचीं ! जुन्या मोटारीचे मालक रंग पाहून एकाच्या जागीं दुसरें घालीत व नंतर गिअरच्या तक्रारी घेऊन हिंडत. रंग हा गळती ओळखण्यापुरता उपयोगी. त्यावरून जात ठरवूं नये.

आतां ‘नव्वद’ या आंकड्याविषयीं. हा आंकडा केवळ दाटपणाचा आहे, गुणाचा नव्हे. शिवाय गिअर तेलाचें माप इंजिन तेलाच्या मापाहून निराळें आहे. गिअरचें ९० हें इंजिनच्या ४० ते ५० इतकेंच दाट असतें. म्हणून ‘नव्वद म्हणजे चाळिसाच्या दुप्पट’ हा हिशेब सोडून द्यावा. गुणाकरितां अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत, त्यांपैकीं जी.एल.-४ व जी.एल.-५ हे डब्यांवर आढळतात. पांच हा चाराहून मोठा, तेव्हां तें तेल अधिक चांगलें, असें दुकानदारहि सांगतो. वस्तुतः जी.एल.-५ मध्यें गंधक व स्फुरद यांचीं रसायनें अधिक असतात. तीं भारी दाबाखालच्या पोलादी दात्यांस उपकारक, परंतु पितळेच्या व कांशाच्या बुशींस कांहीं वेळां मारक ठरतात. जुन्या पेटींत अशा बुशी असतात. पुस्तकांत जी.एल.-४ लिहिलें असेल तर जी.एल.-४ च घ्यावें.

यावरून निवड कशी करावी तें स्पष्ट होईल. ब्रेक कोरडे व लिफ्टची टाकी निराळी असेल, तर पुस्तकांत सांगितलेलें गिअर तेल पुरे. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यांतील ट्रॅक्टरांप्रमाणें लिफ्टचा पंप गिअरच्याच तेलांत बुडालेला असेल, तर १४० सारखें फार दाट तेल घालूं नये. थंडीच्या पहाटे तें पंपास ओढवत नाहीं व लिफ्ट कुंथते. ब्रेक तेलांत असतील, तर ट्रॅक्टरच्या गिअर, लिफ्ट व ब्रेक या तिन्हींकरितां बनविलेलें तेलच हवें. अशा डब्यावर ‘यू.टी.टी.ओ.’ हीं अक्षरें, किंवा मॅसी फर्ग्युसनचें एम ११४५, जॉन डीअरचें जे२०सी अशीं प्रमाणें छापलेलीं असतात. आपल्या कंपनीचें प्रमाण त्यांत आहे कीं नाहीं, एवढें वाचून घ्यावें. पुस्तक हरवलें असल्यास नमुना व सालासह कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारावें. सुटें, विनानांवाचें तेल स्वस्त पडतें हें खरें. पण पेटींत पंचवीस-तीस लिटर मावत असल्यामुळेंच तो मोह होतो, आणि त्याचमुळें नुकसानहि मोठें होतें.

आधीं कोणतें तेल घातलें हें ठाऊक नसेल, तर वरून भर घालीत न बसतां सर्व काढावें. काम करून ट्रॅक्टर कोमट असतां, सपाट जागीं, खालचीं सर्व बुचें उघडावीं. चुंबकाच्या बुचावर बारीक कीस असल्यास भिण्याचें कारण नाहीं. तुकडे असल्यास पेटी उघडावी लागेल. जाळी धुवावी, गाळणी बदलावी.

राधानगरी, गगनबावड्याकडे भाताच्या चिखलणींत चाकें बुडतात व झिजलेल्या सीलांतून पाणी आंत शिरतें. २०१९ व २०२१ च्या महापुरांत तर नदीकांठचे ट्रॅक्टर पाण्याखालीं गेले. तेलकांडी काढून पाहिल्यावर तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर ट्रॅक्टर चालू करूं नये. तें काढून नवें भरावें, थोडा वेळ चालवून पुन्हां पाहावें. पांढुरकेपणा राहिला असल्यास तेंहि काढावें, कारण कोपऱ्यांत व लिफ्टच्या सिलिंडरांत उरलेलें पाणी पहिल्या खेपेस निघत नाहीं. त्या पहिल्या धुण्यास त्याच प्रमाणाचें तेल वापरावें. डिझेलनें धुतल्यास तें तबकड्यांत व पंपांत उरतें.