सुतार पक्ष्यांचे घरटे व रात्रनिवारा : निरीक्षण आणि महत्त्व

प्रस्तावना : बोरी नदीकाठच्या अमळनेर परिसरात बांधावरील वठलेल्या निंबाकडे सरपण म्हणूनच पाहिले जाते. सुतार पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ते घर असते. प्रस्तुत लेखात या घराचा विचार केला आहे.

घरटे : सोनपाठी सुतार व मराठा सुतार मृत किंवा कुजू लागलेल्या लाकडात चोचीने ढोली कोरतात. आत काड्यांचे अस्तर नसते. लाकडाच्या भुशावरच साधारणतः तीन पांढरी अंडी घातली जातात. नर-मादी दोघेही ती उबवतात. रात्री बहुधा नर.

रात्रनिवारा : विणीचा हंगाम संपल्यावरही हे पक्षी ढोलीतच, मात्र एकेकटे, रात्र काढतात. म्हणून निरीक्षकाने सूर्यास्तापूर्वी दूर बसून प्रवेशाची वेळ, झाडाची जात, ढोलीची उंची व दिशा नोंदवावी. खोड ठोठावू नये.

महत्त्व : सोडलेल्या ढोलीत साळुंकी, पोपट, पिंगळे राहतात. १८८४ नंतर खात्रीची नोंद नसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशातच, शहाद्याजवळ, पुन्हा आढळला. तोही ढोलीतच घरटे करतो.

निष्कर्ष : वठलेले एक खोड तोडल्याने अनेकांचा निवारा जातो. महाविद्यालयांच्या आवारातील धोका नसलेली अशी झाडे राखावीत व विद्यार्थ्यांकडून वर्षभर नोंदी करून घ्याव्यात.