जावई कोणत्या पक्षाचा?

मुलगी लग्नाची झाली की आईबाप स्थळाची चौकशी करतात. शिक्षण काय, नोकरी कुठे, घर स्वतःचे की भाड्याचे. आणि जात तर न विचारताही कळलेली असते. मुलगा मत कोणाला देतो, अशी चौकशी केल्याचे निदान मी तरी ऐकलेले नाही. अमेरिकेत मात्र १९६०च्या सुमारास संशोधकांनी लोकांना हाच प्रश्न विचारला होता. तुमच्या मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न केले, तर तुम्हाला वाईट वाटेल का? शंभरात जेमतेम पाच जण 'हो' म्हणाले.

२०१० साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या वेळी रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्म्यांनी आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोकांनी नाराजी कबूल केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक शांतो अय्यंगार आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१२ साली हे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा तिथल्या विद्वानांमध्ये बरीच खळबळ उडाली.

मी या वाचनाकडे वळलो ते हौसेने नव्हे. २०२१च्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ आमच्या घरून फराळाचे ताट अर्धे टाकून उठला. विषय राजकारणाचा. आवाज दोघांचेही चढले होते. तेव्हापासून भाऊबिजेला तो बहिणीकडे सकाळी जातो आणि मी संध्याकाळी. बिचारीला ओवाळणीचे ताट दोनदा सजवावे लागते.

माझी समजूत अशी होती, की माणूस आधी प्रश्नांचा विचार करतो, मग मत बनवतो आणि मग त्या मताला जवळचा पक्ष निवडतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण तेच शिकलो. मिशिगन विद्यापीठातल्या चार संशोधकांनी १९६० साली 'द अमेरिकन व्होटर' हा ग्रंथ लिहून ही समजूत मोडीत काढली. त्यांचा प्रश्न साधा होता: तुम्ही स्वतःला कोण समजता, रिपब्लिकन, डेमोक्रॅट की अपक्ष? मत कोणाला देता, असे नव्हे, तर स्वतःला कोण समजता! बहुतेकांच्या बाबतीत हे उत्तर आईबापांकडून आलेले होते, घरातल्या देव्हाऱ्यासारखे.

या चौघांपैकी फिलिप कॉन्व्हर्स यांनी पुढे आणखी खोदकाम केले. त्याच त्या माणसांना १९५६, १९५८ आणि १९६० साली तेच प्रश्न विचारले गेले होते. सरकारने वीज आणि घरबांधणीचा धंदा खाजगी मंडळींवर सोडावा का, यासारख्या प्रश्नांवर अनेकांची उत्तरे दर खेपेला अशी बदलत होती, की जणू छापा-काटा करून दिली असावीत. पक्ष मात्र ढळत नव्हता. म्हणजे मते येतात आणि जातात; आपण 'कोणाचे' ते टिकते.

आणि हे फक्त अडाणी माणसांचे होते असे समजू नका. येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी गरिबांना सरकारी मदत देण्याच्या दोन योजना विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. एक सढळ हाताची, दुसरी अगदी काटकसरीची. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे सांगितले, की मुले ती योजना उचलून धरीत, मग ती स्वतःच्या विचारसरणीच्या उलट का असेना. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातली खरी गंमत पुढेच आहे. आपण योजना वाचूनच मत बनवले, पक्षाचा त्यात संबंध नाही, असे या मुलांना मनापासून वाटत होते. पक्षाकडे बघून मत बनवतात ते समोरचे!

हे वाचताना मी हसलो. बायको हसली नाही. तिने कर्जमाफीची आठवण करून दिली. महाराष्ट्रात २०१७ साली एका सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली आणि २०१९च्या अखेरीस दुसऱ्या सरकारने. त्यांपैकी एकीची मी जोरदार तरफदारी केली होती आणि दुसरीला 'तिजोरीवरचा दरोडा' म्हटले होते. भावाचे नेमके उलट. (कोणती कोणाची, ते सांगत नाही, नाहीतर वाचकांतही दोन तट पडायचे.) फराळाचे ताट उलटले ते याच वादात. आणि मी मात्र आजवर समजत होतो, की आमचे भांडण अर्थशास्त्रावर झाले.

अमेरिकेत पन्नास वर्षांत एवढे काय बदलले? पूर्वी दोन्ही पक्षांत सगळ्या प्रकारची माणसे होती. दक्षिणेतले सनातनी गोरे डेमोक्रॅट होते, तर उत्तरेकडे उदारमतवादी रिपब्लिकनही सापडत. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर हळूहळू पांगापांग झाली. लिलियाना मेसन या अभ्यासिकेने २०१८च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे, की आता धर्म, वंश, राहण्याचे ठिकाण आणि पक्ष हे सारे एकावर एक रचले गेले आहे. शेजारी वेगळ्या पक्षाचा, पण चर्च एकच, असे धागे विरळ झाले. त्यामुळे मतभेदांपेक्षा राग मोठा झाला. अय्यंगार यांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दोन शाळकरी मुलांपैकी एकाला शिष्यवृत्तीसाठी निवडायला सांगितले होते. अर्जात मुलाच्या पक्षाचा सुगावा लागत होता. पक्षाभिमानी लोकांपैकी पाचांत चौघांनी आपल्या पक्षाचा मुलगा निवडला. दुसऱ्याचे गुण जास्त असले तरी. वंशाचा परिणाम त्या मानाने कमी दिसला. मला तर वाटते, आपल्याकडे जात जे काम करते, ते तिथे पक्ष करू लागला आहे. स्थळ बघतानाही!

पण लग्नाच्या त्या प्रश्नाला एक पुरवणी आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटली. २०१८ साली समारा क्लार, याना क्रुप्निकोव्ह आणि जॉन बॅरी रायन यांनी तोच प्रश्न जरा वेगळा करून विचारला. होणारा जावई किंवा सून विरुद्ध पक्षाची आहे, पण राजकारणावर क्वचितच बोलते, असे सांगितल्यावर नाराजी बरीच ओसरली. उलट सतत राजकारण बोलणारे माणूस आपल्याच पक्षाचे असले तरी अनेकांना नकोसे होते. लोकांना विरुद्ध पक्षाचा जितका तिटकारा वाटतो असे आपण मानतो, त्यातला बराचसा भाग राजकारणाच्या अखंड कीर्तनाचा असतो.

पुढच्या महिन्यात बहिणीच्या मुलाचे लग्न आहे. आता सकाळ-संध्याकाळची सोय नाही. आम्हा दोघांना एकाच मांडवात उभे राहावे लागणार. तिने फोनवर बजावले आहे, ''निवडणुकीचा 'नि'सुद्धा काढायचा नाही.'' मी कबूल केले. भावानेही केले म्हणे. मात्र कर्जमाफीच्या बाबतीत मी एकदा असे आणि एकदा तसे बोललो होतो, हे त्याला बाजूला घेऊन सांगायचे माझ्या मनात आहे. ते राजकारणात मोडते की नाही, हे बहिणीला आधी विचारायला हवे.