शिपायांना आवरणारे शिपाई

खेळताना गुडघा फुटला की तो लाल होतो, सुजतो, ठणकतो. जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावलेल्या असतात. पण हे शिपाई आपल्याच शरीरावर उलटले तर?

उंदरांत तसं घडलं. पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लाची ही ग्रंथी काढली, की त्याच्या लढाऊ पेशी त्याच्याच अवयवांवर तुटून पडत! जपानच्या शिमोन साकागुची यांनी अशा पिल्लांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या आणि काय नवल, आजार टळला. म्हणजे टी पेशींतच कुणीतरी ‘पुरे आता!’ म्हणणारं होतं. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशी हुडकल्या. त्याच या नियामक टी पेशी.

२००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडलं. नियामक पेशी घडतात त्या याच्याच हुकमावरून. ते बिघडलं, तर तान्ह्या बाळालाही जिवावरचं दुखणं होतं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आता गुडघ्याची सूज उतरली, की या आवरणाऱ्या शिपायांचीही आठवण ठेवा हं!